वरीलप्रमाणे

माझ्या बाबांना टपाल खात्यात सगळे 'मोती' म्हणायचे. अक्षर मोत्यासारखं, म्हणून. मोती हे नाव लोक कुत्र्याला ठेवतात हे बाबांना कुणी सांगायची गरज नव्हती. "कुत्रा तर कुत्रा, इमानी म्हणतात ना?" असं म्हणून तेच आधी हसायचे. आपण आधी हसून घेतलं की दुसऱ्याला हसायला फारसं काही उरत नाही, हे ते नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकले होते.

आमची गल्ली दोरखंड वळणाऱ्यांची. सरळसोट, आणि रुंदीच्या मानानं फारच लांब. एका टोकाला चाक फिरवणारा बसतो आणि वळणारा कमरेला तागाचा जुडगा बांधून उलट्या पावलांनी मागे मागे जातो. जेवढी गल्ली तेवढा दोर. या गल्लीत घरोघर एक निराळी भाषा बोलली जायची. बाहेरचे तिला भाषा म्हणत नसत, 'त्यांचं ते काहीतरी' म्हणत. बाकी सगळीकडे मोठी भाषा: शाळेत, दवाखान्यात, बसच्या तिकिटावर.

सरकारी नोकरी लागलेले बाबा हे गल्लीतले पहिलेच. टपाल छाननीच्या खोलीत जुन्या लोकांनी त्यांना पाकिटांवरचे पत्ते मोठ्यानं वाचायला लावायचं आणि मग प्रत्येकानं तो पत्ता बाबांच्या हेलात म्हणून दाखवायचा, ही दुपारच्या सुट्टीतली करमणूक होती. बाबाही हसायचे. सहा महिन्यांनी ते घरी येऊन आपल्या आईला, म्हणजे माझ्या आजीला म्हणाले, "यापुढे माझ्याशी जरा हळू बोलत जा." त्या दिवसापासून आमच्या घरात आजीची भाषा दार लोटून बोलली जाऊ लागली.

माझी आई गल्लीबाहेरची, मोठ्या भाषेतली. त्यामुळे मला आजीची भाषा आली ती मांजराला हाकलण्यापुरती. 'ये', 'जा', 'जेव', 'पडशील', एवढं कळायचं. बाबा, आजी आणि आत्या बोलायला बसले की मी आपल्याच घरात पाहुणीसारखी एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायची. याचा मला राग यायचा, आणि राग कुणावर काढावा हे न कळून मी तो आजीवर काढायची.

एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढे मी बाबांबद्दल जे सांगणार आहे ते सांगायचा मला थोडा तरी हक्क राहील. शाळेतल्या मैत्रिणी घरी यायच्या तेव्हा मी त्यांना सांगितलं होतं की माझी आजी बहिरी-मुकी आहे. आजीला हे कुणीतरी समजावून सांगितलं असणार. कारण नंतर मैत्रिणी आल्या की ती आपण होऊन कानाला हात लावायची, मान हलवायची आणि हसायची. तिनं ते सोंग शेवटपर्यंत चोख वठवलं. मी तिची कधी माफी मागितली नाही. मागायची तर कुठल्या भाषेत?

आता आत्याबद्दल. ती बाबांपेक्षा तीन वर्षांनी मोठी. ती त्यांना 'धाकट्या' म्हणायची आणि पन्नाशीतल्या भावालाही केस नीट विंचर म्हणून रागवायची. लग्न केलं नाही, गल्लीच्या तोंडाशी दोन खोल्यांत एकटी राहायची. गल्लीजवळच्या सरकारी शाळेत मागच्या अंगाला एक खोली होती, तिथे ती पहिली-दुसरीच्या मुलांना गल्लीच्या भाषेत शिकवायची. खात्यानं कधीकाळी अशा वर्गांना परवानगी दिली होती: मुलांनी दोन वर्षं घरच्या भाषेत लिहा-वाचायला शिकावं, मग मोठ्या वर्गात जावं. पुस्तकं नव्हतीच. आत्या जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर धडे लिहायची, दाभणानं भोकं पाडून दोऱ्यानं शिवायची. सव्वीस वर्षं तिनं हे केलं. गल्लीतल्या कुणालाही विचारा, पहिलं अक्षर कुणी गिरवून घेतलं, तर आत्याचंच नाव निघेल. फक्त माझं निघणार नाही. मला बाबांनी थेट पुढच्या दारानं मोठ्या वर्गात बसवलं होतं.

दर दहा वर्षांनी देशात शिरगणती व्हायची. घरोघर जाऊन माणसं मोजायचं काम सरकार शिक्षकांना आणि टपालवाल्यांना वाटून द्यायचं. बाबा तोवर छाननीतून घरोघर टपाल वाटायच्या कामावर आले होते; त्यांना त्यांचीच गल्ली मिळाली, कारण दार न दार ठाऊक. तक्ता चादरीएवढा मोठा. नाव, वय, कुटुंबप्रमुखाशी नातं, धंदा आणि मग मातृभाषेचा रकाना. नियम असा की प्रत्येक दाराशी उभं राहून प्रत्येक माणसाला विचारायचं. बाबांनी पहिली दोन-चार घरं केली तशी. मातृभाषा विचारल्यावर लोक म्हणायचे, "लिही की काय चांगलं दिसेल ते. तू काय परका आहेस?" मग बाबा बाकीचे तक्ते घरी टेबलावर बसून भरू लागले. कुणाचं वय काय, कुणाच्या घरी कोण, सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. टेबलाशी बसून शाई वाळेपर्यंत टिपकागद धरणं हे माझं काम. बाबांनी भाषेच्या रकान्यात पहिल्या ओळीत मोठ्या भाषेचं नाव लिहिलं. अक्षर असं देखणं की बघत राहावं. मग मला म्हणाले, "खाली सगळं तेच आहे. तू नुसत्या दोन-दोन रेघा मारत जा. वरीलप्रमाणे."

मी मारल्या. जीभ बाहेर काढून, मन लावून, एकेका माणसासमोर दोन छोट्या रेघा. चाकवाला, त्याची बायको, त्याचे तीन भाऊ. आमचं घर आलं. आजीसमोर दोन रेघा. आजीला मोठ्या भाषेतले 'नको', 'किती' आणि 'बस' एवढेच शब्द येत होते, आणि हे मला माहीत होतं. शेवटी आत्या आली. मी विचारलं, "आत्याची पण?" बाबा म्हणाले, "आत्याची पण. मध्येच वेगळं लिहिलं तर तक्ता वाईट दिसतो."

बाबांना तसं वाईट काही करायचं नव्हतं, हे मला आजही वाटतं. उद्या कुणी मोठा माणूस ते कागद चाळेल आणि या गल्लीतली माणसं आपल्यासारखीच आहेत म्हणेल, अशी त्यांची समजूत होती. छाननीच्या खोलीतला तो हसणारा घोळका त्यांच्या मानेवरून कधी उतरलाच नाही. त्यांना सगळी गल्ली एका फटक्यात त्या हसण्यातून सोडवायची होती, आणि ते काम टाकानं होण्यासारखं दिसत होतं. भाषा कुठली लिहिलीस, असं आत्यानं विचारलं तेव्हा मात्र ते म्हणाले, "लिहिलं ना, आहे तसं." ही थाप होती, आणि मी शेजारीच उभी होते.

पुढं जे झालं ते बाबांनीही योजलं नव्हतं. त्यांचा तक्ता इतका स्वच्छ, बिनखाडाखोडीचा की वरच्या कचेरीनं तो नमुना म्हणून इतरांना दाखवला. दोर वळणाऱ्यांच्या अशा आणखी सात-आठ वस्त्या जिल्ह्यात होत्या. तिथल्या मोजणाऱ्यांनी नमुना डोळ्यांसमोर ठेवला आणि पहिल्या ओळीत मोठी भाषा लिहून खाली रेघा ओढल्या. दहा वर्षांनी पुन्हा शिरगणती आली तेव्हा जुना तक्ता समोर ठेवून नवा भरायचा एवढंच काम उरलं होतं. मी तोवर कॉलेजात होते. रेघा बाबांनी स्वतःच मारल्या. मी बघितलं आणि बाहेर निघून गेले. 

त्यानंतर तीन वर्षांनी आत्याच्या नावचं रजिस्टर पत्र आलं. टपालवाले बाबाच, तेव्हा तेच घेऊन गेले. त्या दिवशी मी आत्याकडे धडे शिवायला मदत करत होते. आत्यानं पोचपावतीवर सही केली, पाकीट फोडलं, वाचलं, आणि मोठ्यांदा हसली.

"ऐक धाकट्या. म्हणे, मागील दोन गणनांमध्ये सदर भाषा बोलणारी एकही व्यक्ती जिल्ह्यात आढळून आलेली नाही. सबब सदर वर्ग या सत्राअखेर बंद करण्यात येत आहे." पत्र मोठ्या भाषेतलं, म्हणून मला कळलं; पुढचं ती माझ्यासाठी दोन्ही भाषा मिसळून बोलली. "एकतीस पोरं रोज माझं डोकं खातात, ती काय भुतं आहेत?"

 बाबा पिशवीचा पट्टा सारखा करत राहिले.

"वर उतरवून घेताना कुणीतरी घोळ घातलाय," आत्या म्हणाली. "तू तर घरोघर गेला होतास. चल माझ्याबरोबर, साहेबांना तसं सांग. तुझ्या हातचे कागद निघाले की प्रश्नच मिटला."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी बाबांकडे बघितलं, बाबांनी माझ्याकडे. ते म्हणाले, "येतो." वाटेत मी त्यांना खिंडीत गाठलं. "बाबा, तिला सांगा." तर म्हणाले, "असले कागद कोण ठेवतंय? वाळवीनं खाल्ले असतील. कागद नाहीत म्हटल्यावर फेरमोजणीच लावतील." माझ्या बाबांनी आयुष्यात एकदाही पत्र गहाळ केलं नव्हतं. आणि आता ते वाळवीवर भिस्त ठेवून होते. मी मात्र आत्याला सांगू शकत होते. तिचं घर चाळीस पावलांवर होतं. मी गेले नाही.

जिल्ह्याच्या कचेरीत आम्ही तिघं गेलो. अर्ज मी लिहिला होता, मोठ्या भाषेत, कारण ती मला चांगली येते. साहेब बरा माणूस निघाला. खेकसला नाही, बसायला सांगितलं, कारकुनाला गठ्ठे काढायला पाठवलं. वाळवीनं दगा दिला. कारकून पाचव्या मिनिटाला दोन्ही गठ्ठे घेऊन हजर. धूळ झटकली, फीत सोडली आणि जुना तक्ता टेबलावर पसरला.

आत्या तोवर उत्साहात होती. "साहेब, हा माझा भाऊ," ती म्हणाली, "यानंच..." आणि तिची नजर कागदावर गेली.

तिनंच त्यांच्याकडून अक्षर घोटून घेतलं होतं, लहानपणी. ते तिला ओळखू येणार नाही असं होणारच नव्हतं. तिचं बोट रकान्यातून खाली गेलं. शेजारी, पाजारी, आजी. आपल्या स्वतःच्या नावाशी थांबलं. तिथे दोन रेघा होत्या.

साहेब वाकून बघत होता. "काय अक्षर आहे हो! हाच तो तक्ता, आम्ही नमुना म्हणून फिरवला होता. रेघा तेवढ्या जरा वाकड्यातिकड्या आहेत."

 मला साहेबाच्या टेबलाखाली शिरावं आणि तिथेच राहावं असं वाटलं.

साहेब मग सरळ बसला आणि समजावून सांगू लागला. तक्त्यावर मोजणाऱ्याचा फक्त क्रमांक असतो, नावांची वही राजधानीत, ती इथे मागवता येत नाही. कुणी खोटी नोंद केली असं अर्जदाराचं म्हणणं असेल तर तिनं त्याचं नाव लेखी द्यावं. मग चौकशी होईल, फेरमोजणी लागेल आणि तोवर वर्ग चालू राहील. "पण एक सांगतो बाई, नोंद खोटी ठरली तर त्या माणसाची नोकरी जाईल. पेन्शनही. यात मला काही करता येणार नाही. आणि नाव नसेल, तर कागद खरा धरावा लागतो. अक्षर ओळखता का कुणाचं?"

बाबांना निवृत्त व्हायला पाच वर्षं होती.

खोलीत पंखा फिरत होता. बाबा आत्याच्या उजव्या हाताला बसले होते, मी डाव्या. दोघांपैकी कुणीही तोंड उघडलं असतं तर चाललं असतं. 'माझं आहे' एवढे दोन शब्द. बाबांनी ओठ ओले केले. मला वाटलं आता म्हणतील. त्यांनी आपल्या बुटांकडे बघितलं. आणि मी? रेघा माझ्या आहेत म्हणायला मला काय झालं होतं? मला ना नोकरी होती, ना पेन्शन. मी अर्जाच्या घडीला आणखी एक घडी घातली.

आत्यानं दोघांना भरपूर वेळ दिला. मग म्हणाली, "नाही साहेब. नाही ओळखत."

"तसं लिहून द्याल?"

तिनं लिहून दिलं, खाली सही केली. साहेबानं तक्ता पुन्हा नीट घडीवर घडी घालून फितीत बांधला. कागद खरा ठरला.

बसमध्ये बाबा तिच्या शेजारी बसले, मी मागच्या बाकावर. बाबा एकदम गल्लीच्या भाषेत बोलू लागले, भरभरून, बसमधली माणसं वळून बघतील इतक्या मोठ्यानं. काय बोलले ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. उद्या सकाळीच परत जातो, सगळं कबूल करतो, पेन्शन गेली खड्ड्यात, असं ते म्हणाले. आत्यानं तिच्या भाषेत उत्तर दिलं, अगदी थोडं. "आता गेलास तर मी खोटी सही केली असं होईल. दोघं अडकू. पोरांना त्याचा काय उपयोग? गप्प बस." आत्या त्यांच्याशी त्या भाषेत शेवटचं बोलली ते एवढंच. त्यानंतर नाही.

सत्र संपलं. एकतीस मुलं पुढच्या दारानं मोठ्या वर्गात गेली. पहिल्याच आठवड्यात एका मुलीला बाहेर जायची परवानगी कशी मागायची ते माहीत नव्हतं, तिनं बाकावरच केलं, आणि पोरं हसली. तिला घरी न्यायला आत्याला बोलावलं. खात्यानं आत्याला काढलं नाही, त्याच शाळेत भांडारात बसवलं. खडू मोजून द्यायचं काम. तिच्या शिवलेल्या धड्यांचं काय केलं हे मी एकदा विचारलं. "दोर वळणाऱ्यांना दिले," म्हणाली, "हाताला ताग लागतो, तो पुसायला बरे पडतात." चेष्टा करते आहे की खरं सांगते आहे, ते तिच्या तोंडावरून कळलं नाही.

बाबांना पेन्शन मिळते. दर महिन्याच्या एक तारखेला, न चुकता. 

आता बाबा रोज संध्याकाळी आत्याकडे जातात. मीही बऱ्याचदा सोबत असते. ते दाराबाहेरूनच तिला हाक मारतात, गल्लीच्या भाषेत, खणखणीत आवाजात. आतापर्यंत कधी बोलले नव्हते असे बोलतात. चाकवाल्याची सून बाळंत झाली, अमक्याचा ताग भिजला, आजी तमकं करायची ते आठवतं का. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा होतो. आत्या सगळं ऐकून घेते. त्यांना खुर्ची पुसून देते. रागवत नाही. त्यांचे केस विस्कटलेले असले तरी आता काही म्हणत नाही.

"बसा ना तुम्ही," ती म्हणते. "चहा घेणार का? साखर कमी घालते, तुम्हाला चालत नाही ना." मोठी भाषा, स्वच्छ, हेल नाही. पाहुण्याशी बोलावं तशी. बाबा पुन्हा त्यांच्या भाषेत काहीतरी विचारतात, विनवल्यासारखं. ती पुन्हा मोठ्या भाषेत उत्तर देते, आणि कपबशी त्यांच्यासमोर ठेवते.

मी मध्ये बसलेली असते. बाबांचं अर्धंमुर्धं कळतं. आत्याचा शब्दन् शब्द मला कळतो. इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं.